साक्षीदार क्रमांक दोन

"रंगीत हाय का वो?" ठमाबाईंनी शशिकांतच्या कानाशी येऊन हळूच विचारलं. त्यांचा अंगठा यंत्राच्या लहानशा काचेवर टेकलेला होता आणि ठसा काही केल्या उमटत नव्हता. नोंदणी कार्यालयातली कॉम्प्युटरवरची मुलगी "आजी, जरा दाबा, अजून जरा" म्हणत होती. शशिकांतला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं, त्या आपल्या फोटोबद्दल विचारताहेत. टेबलावरच्या बोटभर कॅमेऱ्याने नुकताच त्यांचा फोटो काढला होता, आणि त्या वेळी त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता, हनुवटी किंचित डावीकडे वळवली होती आणि श्वास धरून ठेवला होता. "हो, रंगीतच," तो म्हणाला, "आता ब्लॅक अँड व्हाइट कोण काढतंय?" तेव्हा त्या समाधानाने हसल्या. "मग लुगडं हिरवं घ्या म्हनावं त्यास्नी. मला हिरवं उठून दिसतं." एवढ्यात यंत्राने टुक् असा आवाज केला, ठसा उमटला, आणि त्या आवाजासरशी शशिकांतला प्रश्न कळला. फोटोचं नव्हतं ते. ठमाबाईंना वाटत होतं की आपण पिक्चरचं काँट्रॅक्ट सही करतोय.

टेबलावर होतं ते बक्षीसपत्र होतं. वांगणीला स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर एका नव्या इमारतीत ठमाबाईंची वन रूम किचनची जागा होती. ती त्या आपल्या मरण पावलेल्या बहिणीचा नातू रूपेश याला बक्षीस देत होत्या. साक्षीदार क्रमांक एक रूपेशच्या कंपनीतला अक्षय, आणि साक्षीदार क्रमांक दोन शशिकांत. आतल्या खोलीतल्या साहेबांनी सगळ्यांना समोर उभं केलं. ठमाबाईंना मात्र खुर्ची दिली. मग साहेबांनी बाईंना सावकाश, नीट विचारलं, "आजी, दस्त वाचून दाखवलाय ना तुम्हाला? तुमच्या मर्जीने देताय ना?" त्यावर ठमाबाई खुर्चीत सरळ झाल्या. "होय," त्या म्हणाल्या. "मी हे स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, पूर्ण शुद्धीत करीत आहे." आवाज खोलीच्या कोपऱ्यापर्यंत गेला. 'शुद्धीत'मधला ध अगदी पूर्ण उमटला होता. मघाच्या 'हाय का वो'चा त्यात मागमूस नव्हता. दाराशी उभी असलेली माणसंसुद्धा वळली. साहेब खूश होऊन म्हणाले, "वा! एवढं स्वच्छ तर आमचे वकीलही बोलत नाहीत." सगळे हसले. रूपेशही हसला, जरा उशिराच. शशिकांतला ठाऊक होतं की हे वाक्य दस्तातलं होतं. आदल्या दिवशी रूपेशने ते वाचून दाखवलं असणार आणि बाईंनी ते पाठ केलं असणार. ऐंशीच्या घरातल्या बाईंना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण वाक्य दिलं की ते राहतं. त्या क्षणी तो एवढंच म्हणू शकला असता की साहेब, एक मिनिट, यांना पुन्हा एकदा विचारा, घराचं नाव घेऊन विचारा. जीभ टाळूला चिकटली होती असं काही नव्हतं. तोंडात सकाळच्या चहाची चव होती, आणि ती जीभ हलवता येत होती. पण साहेबांनी पेन पुढे केलं, अक्षयने सही केली, मग पेन त्याच्या हातात आलं. पस्तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेटपासवर केली तशी, शेवटी खाली रेघ ओढलेली सही त्याने केली. रेघ नेहमीसारखीच सरळ आली. पुढे कित्येक दिवस त्याला याचंच नवल वाटत राहिलं.

शशिकांत जुन्या नटनट्यांच्या सह्या जमवतो, हे अंबरनाथ पश्चिमेतल्या त्याच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं, आणि बहुतेकांचा त्याबद्दल गैरसमज होता. वहीत मागून घेतलेली सही त्याला नको असायची. विशीत असताना त्याने एका नाट्यगृहाबाहेर एका नामांकित नटापुढे वही धरली होती. नटाने दुसऱ्याशीच बोलत बोलत, वहीकडे न बघता तिच्यावर एक वेटोळं काढलं होतं. घरी येऊन ते वेटोळं बघताना शशिकांतला वाटलं की यात तो माणूस नाहीच. मग कधीतरी रद्दीत त्याला एक व्हाउचर सापडलं. भाड्याने घेतलेल्या नऊवारी साड्या परत मिळाल्याची पोच होती ती, आणि खाली एका नटीची सही होती. घाईची, खरी, जराशी वैतागलेली. तेव्हापासून तो फक्त कामाचे कागद शोधू लागला. करारपत्रं, पोचपावत्या, मेकअपच्या सामानाच्या याद्या, रजेचे अर्ज. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जुनी कपाटं घेणारे व्यापारी त्याला ओळखायचे. "साईं, आपका कागजात निकला है," असा फोन आला की तो तास-दीड तासात तिथे पोचायचा. शहरात कुणा वितरकाचं ऑफिस बंद होतं, कपाटं इकडे येतात, आणि कपाटांच्या खणात माणसं राहून गेलेली असतात. अशाच एका खणात त्याला चौसष्ट सालचं करारपत्र मिळालं होतं. 'कु. नीलप्रभा ऊर्फ ठमा बापू सुतार'. खाली सही. ती सही तो कितीतरी वेळ बघत बसला होता. ठ हे अक्षर तिने असं काढलं होतं की आधी पूर्ण गोल, तुटू नये म्हणून जपून, आणि मग वरचा दांडा. शेवटच्या काडीशी शाई साचून छोटा डोंगर झाला होता, म्हणजे सही झाल्यावरही पेन तिथंच टेकवून ती क्षणभर थांबली होती. अठरा वर्षांची मुलगी. नायिकेच्या मैत्रिणीचं काम, दोन गाण्यांत मागच्या रांगेत नाच. शशिकांतने तिचे पिक्चर पाहिले नव्हते. पाहिले असते तरी ती कोणती ते सांगता आलं नसतं. पण त्या थांबलेल्या पेनाने त्याला धरून ठेवलं होतं.

ती बाई जिवंत आहे आणि आपल्यापासून दोन स्टेशनांवर राहते, हे कळायला त्याला दोन वर्षं लागली. एका नाट्यमंडळाच्या जुन्या हिशेबनिसाकडून पत्ता मिळाला. पहिल्यांदा वांगणीला गेला तो मार्गशीर्षातला दिवस होता, हवेत वीटभट्ट्यांचा धूर होता, आणि कापलेल्या भाताच्या खाचरात 'लवकरच येत आहे' अशी कुठल्याशा गृहसंकुलाची पाटी उभी होती. दार उघडलं ते रूपेशच्या बायकोने, सोनियाने. हात पिठाचे होते. "आजीला भेटायला? आजीला?" तिने दोनदा विचारलं. ती आणि रूपेश आजीजवळ राहायला आल्यापासून नऊ वर्षांत आजीला भेटायला कुणी आलं नव्हतं. ठमाबाई कॉटवर बसून वाल सोलत होत्या. शशिकांतने प्लास्टिकच्या पाकिटातून करारपत्र काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, 'ठ'वरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ही मी हाय." बस एवढंच. शशिकांतला वाटलं, आयुष्यभर आपण जे जमवत आलो ते सगळं ह्या तीन शब्दांपुढे कमी आहे. तो परत परत जाऊ लागला. दर आठ-पंधरा दिवसांनी. त्यांच्यासाठी साखरफुटाणे न्यायचा, त्या बोलतील ते लिहून घ्यायचा. आणि हेही खरं, की कॉटखालच्या पत्र्याच्या ट्रंकेकडे त्याचं लक्ष असायचं. "आजीचे जुने पेपर आहेत त्यात, काका," रूपेश एकदा म्हणाला होता. "आम्हाला काय करायचंय? तुम्हालाच देऊन टाकू." ही गोष्ट त्याने बोटाला धरून ठेवल्यासारखी मनात धरून ठेवली होती.

त्याच्या येण्याने बाईंच्यात काय होत होतं, हे त्याने पाहिलं नव्हतं, की पाहायचं टाळलं होतं? सोनियाने हसत सांगितलं होतं, "काका, तुम्ही येऊन गेलात ना, की आजी दोन दिवस केस बांधून बसते. म्हणते पिक्चरच्या कंपनीचा माणूस येऊन गेला." तोही हसला होता. कंपनीचा माणूस! त्याने ते वहीत लिहून घेतलं होतं, गमतीदार आठवण म्हणून. पुढे रूपेशने बक्षीसपत्राचं काढलं. कोल्हापूरकडे बाईंचे पुतणे आहेत, कधी फिरकले नाहीत पण उद्या दारात उभे राहतील, दोन पोरं घेऊन आम्ही कुठं जायचं, असं तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. शशिकांतने स्वतः पाहिलं होतं, बदलापूरच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून आलेला रूपेश बाईंना उचलून बाथरूमला नेतो, सोनिया त्यांची नखं कापते. "साक्षीला तुम्ही या ना काका. आजी तुम्हाला मानते," रूपेश म्हणाला. शशिकांतला बरं वाटलं होतं. कागदावर त्या बाईंच्या सहीखाली आपली सही असणार.

त्याला आईचा अंगठा आठवला. नोंदणी कार्यालयात नाही, तिथून परतताना, रिक्षात. पंचवीस वर्षांपूर्वी आई शेवटच्या आजारात होती, आणि पेन्शनच्या फॉर्मवर तिचा अंगठा हवा होता. आईला लिहिता यायचं. मोडीसुद्धा यायची. पण तेव्हा हात उचलत नव्हता. शशिकांतने तिचा अंगठा धरून निळ्या पॅडवर दाबला आणि मग कागदावर दाबला. त्या अंगठ्याला वजन होतं. मेलेल्या चिमणीला असतं तसं, असूनही नसल्यासारखं. आईने डोळे उघडून पाहिलं होतं. "कशावर?" तिने विचारलं होतं. "काही नाही ग, पेन्शनचं," तो म्हणाला होता. ते खरंच पेन्शनचं होतं. तरी तिने विचारलं आणि आपण आधी 'काही नाही' म्हणालो, हे त्याला रिक्षात बसल्या बसल्या पहिल्यांदाच जाणवलं. शेजारी ठमाबाई रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. त्या आकडे म्हणत असाव्यात. एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. मांडीवर बोटं नाचाचा ताल धरत होती.

त्याच दिवशी रूपेशने ट्रंक उघडून कागदांचं गाठोडं त्याच्या हाती दिलं. आणि नंतर त्याला स्वतःची सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची, की तो आनंदला. घरी जाऊन जेवणाच्या टेबलावर त्याने जुनी चादर पसरली आणि एकेक कागद उलगडला. अकरा होते. दोन करारपत्रं, एक राजीनामा, घुंगरू हरवल्याबद्दलची लेखी माफी. राजीनाम्यातला ठ रागाने काढलेला होता, गोल बंदच झालेला नव्हता. दोन दिवस तो कागदांतच होता. त्याची बायको शलाका टेबल अडलं म्हणून ताट हातात घेऊन सोफ्यावर जेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना त्याला कानाशी पुन्हा तो श्वास जाणवला, साखरफुटाण्यांचा वास असलेला. रंगीत हाय का वो? आपण 'हो' म्हणालो होतो. प्रश्न न समजता म्हणालो होतो हे खरं, पण समजल्यावर तो शब्द परत घेतला नव्हता. मग त्याने शलाकाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. "मग तिथं बोलला का नाहीत?" तिने विचारलं. त्याच्याकडे उत्तरं होती. रूपेश चांगला मुलगा आहे. जागा त्यालाच जायला हवी. बाईंना शुद्धीवर विचारलं असतं तरी त्यांनी त्यालाच दिली असती. "ते मी नाही विचारलं," शलाका म्हणाली. "तुम्ही बोलला का नाहीत, ते विचारलं." त्यावर त्याने टेबलावरचे कागद गोळा केले. एवढंच त्याला करता आलं.

तीन आठवडे तो वांगणीला गेला नाही. मग रविवारी सकाळी रूपेशचा फोन आला. "काका, जरा येता का? आजी जेवत नाहीये. भात तर बिलकुलच नाही. नुसत्या चहा-दुधावर आहे, आज बारावा दिवस. डॉक्टर बोलतो सगळं नॉर्मल आहे, खायला घाला. पण ती तोंडच उघडत नाही. ती बोलते, कॅमेऱ्यात जाड दिसते. तुमचंच ऐकेल ती." शशिकांत गेला. रूपेश खाली इमारतीच्या फाटकाशीच उभा होता, दाढी वाढलेली, शिफ्टचा शर्ट तसाच अंगावर. जिना चढता चढता शशिकांतने विचारलं, "तू सांगितलंस तिला पिक्चरचं?" रूपेश दोन पायऱ्या वर होता. वळला नाही. "मी नाही बोललो, काका. आईशप्पथ. तिनेच विचारलं, पिक्चरचं हाय का? मी तीन वेळा बोललो, आजी, घराचं आहे, घराचं आहे. ती रडायला लागली. बोलली, मग तो मानूस कशाला येतो? मग मी हो बोललो. एकदाच." जिन्यात कुणाच्यातरी घरातून फोडणीचा वास येत होता. "काका, मी नऊ वर्षं करतोय तिचं. एकदाच खोटं बोललो." शशिकांतला वाटलं की याच्या पाठीवर हात ठेवावा. पण हात पुढे गेला तो कठड्यावरच.

ठमाबाई कॉटवर बसल्या होत्या. तीन आठवड्यांत गाल आत गेले होते आणि त्यामुळे, विचित्र गोष्ट, चेहऱ्यात ती अठरा वर्षांची मुलगी कुठूनशी वर आली होती. केस बांधलेले, कपाळाला टिकली, गालांवर सोनियाची पावडर. मनगटं मात्र दोरीसारखी. शेजारच्या स्टुलावर झाकलेलं ताट होतं. "आला का?" त्या म्हणाल्या. "तारीख आणली?" सोनिया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शशिकांत खुर्ची ओढून बसला. येताना त्याने मनाशी ठरवलं होतं की आज सगळं सांगायचं. बाई, पिक्चर कधी नव्हतंच. मी कंपनीचा माणूस नाही, मला तुमचे कागद हवे होते. तुम्ही सही केलीत तो तुमच्या घराचा कागद होता, आता हे घर रूपेशचं आहे. ही वाक्यं त्याने रिक्षात दोनदा म्हणून पाहिली होती. आता त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या, आणि ती वाक्यं त्या शिरांपुढे फार मोठी, फार बांधेसूद वाटत होती. "बाई," तो म्हणाला, "ते पिक्चर आता होणार नाही." पुढचं वाक्य तो शोधत होता तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बंद पडलं?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हो."

खाली कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. शशिकांतला वाटलं, आता त्या रडतील. त्याने रूपेशकडे पाहिलं, रूपेशने जमिनीकडे. पण बाईंनी फक्त पदराच्या टोकाने गालावरची पावडर पुसायला सुरुवात केली, आधी एका गालाची, मग दुसऱ्या. "पैसंवाला पळाला असंल," त्या म्हणाल्या. "ह्यो धंदाच असा. जाऊ द्या, आता कुठं नाच जमणार हुता मला." सोनियाने सुस्कारा सोडला, तो ऐकू आला. शशिकांतही खुर्चीत मागे टेकला. निभावलं म्हणायचं. आणि मग बाई म्हणाल्या, "माजा कागूद कुठं हाय?"

"कुठला कागद?"

"काँट्रॅक्टचा. सही केली न्हवं का मी? अंगठा बी दिला. पिक्चर बंद पडलं की कागूद माघारी घ्यायचा असतो. न्हाईतर उद्या त्येच मानूस म्हनतंय, ही बाई माज्याकडं बांधलेली हाय." त्यांनी पावडर लागलेला पदर झटकला. "तुमी साक्षीला हुता. तुमची बी सही हाय त्यावर. तुमीच आना मागून."

रूपेशने मान वर केली. त्याचा चेहरा पांढरा झाला होता, आणि त्यात राग नव्हता, विनवणी होती. शशिकांतने बोलायला तोंड उघडलं. आता तरी. दोन शब्द पुरले असते, घराचा होता. पण बाईंनी हात पुढे करून ताटावरचं झाकण उचललं होतं, आणि त्यांची नजर त्याच्या तोंडावर होती, वाट बघणारी, शांत, कामाच्या माणसाकडे बघावं तशी. "आणतो, बाई," तो म्हणाला.

"कवा?"

"आणतो."

"वार सांगा."

"मंगळवारी."

त्यांनी ताट मांडीवर घेतलं. भात गार झाला होता. सोनिया धावत आमटी गरम करून घेऊन आली, तिने वाढली, बाईंनी कालवला आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. बारा दिवसांनी चावायला त्यांच्या जबड्याला श्रम पडत होते, तरी त्या खात होत्या. सोनिया डोळे पुसत होती. रूपेश त्याच्या जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "थँक्यू काका. तुम्ही नसता ना..." शशिकांत भाताचा एकेक घास वर जाताना बघत राहिला. अजून थोडा भात लागला, तो सोनियाने घातला. त्याला उठायचं होतं, पण बाई जेवत असताना उठणं बरं दिसलं नसतं.

"मंगळवारी दुपारनं या," ठमाबाई घास गिळून म्हणाल्या. "सकाळी माजी आंगूळ असती."